रात्री दीडनंतर दार बंद: सिडनीनं केलं आणि सात वर्षांनी मोडलं. आपल्याकडे काय करावं?

कुंदकळी (धागाकर्ती)

मी २००९ पासून सिडनीत नर्स आहे. पहिली सात वर्षं शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काढली, त्यातही बहुतेक रात्रपाळ्या. गेल्या महिन्यात लेक अठराचा झाला. इथे अठराला दारू कायदेशीर आहे. परवा शुक्रवारी मित्रांबरोबर सिटीत जातो म्हणाला. "जा" म्हटलं खरं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. नेमका त्याच रात्री पुण्याहून वहिनीचा मेसेज: मुंढव्याला त्यांच्या सोसायटीत पबची वेळ दीडवरून साडेबारावर आणावी म्हणून निवेदन द्यायचं चाललंय, तुमच्याकडे असं काही झालं होतं ना?

झालं होतं. जुलै २०१२ मध्ये किंग्ज क्रॉसला, म्हणजे सिडनीच्या पब-क्लबांच्या भागात, अठरा वर्षांच्या एका मुलाला अनोळखी माणसानं ठोसा मारला. मुलगा गेला. २०१३ च्या ३१ डिसेंबरला जवळपास त्याच जागी अठराच वर्षांच्या दुसऱ्या मुलाचं तेच झालं. लोक रस्त्यावर आले आणि आमच्या न्यू साउथ वेल्स राज्याचे तेव्हाचे प्रीमियर (मुख्यमंत्री) बॅरी ओ'फॅरल यांच्या सरकारनं २४ फेब्रुवारी २०१४ पासून नियम लावले. सिटी (शहराचा मध्यभाग) आणि किंग्ज क्रॉसच्या पब-क्लबांत रात्री दीडनंतर नवा माणूस आत घ्यायचा नाही (हाच 'लॉकआउट'), तीनला शेवटचा ग्लास. दारूची दुकानं राज्यभर दहाला बंद. नशेत ठोसा मारून जीव घेतला तर कमीत कमी ८ वर्षं कैद. पूर्वी अशा ठोशाला इथे 'किंग हिट' म्हणायचे. मग गेलेल्या मुलाच्या घरच्यांनी आणि पेपरवाल्यांनी 'कावर्ड पंच', म्हणजे भ्याड ठोसा, म्हणायला सुरुवात केली. ते मला फार पटलं.

जानेवारी २०२० मध्ये सिटीतला आणि मार्च २०२१ मध्ये किंग्ज क्रॉसचाही लॉकआउट उठला. शहर मेलं होतं ते जिवंत झालं, असं सगळे म्हणतात.

मी पाहिलं ते सांगते. माणूस बहुतेकदा ठोशानं मरत नाही, फुटपाथवर डोकं आपटून मरतो. शुद्धीतला माणूस पडताना हात पुढे टाकतो. प्यालेल्याचे हात येतच नाहीत, तो ओंडक्यासारखा सरळ मागे पडतो. एका रात्री एक मुलगा आला, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा. नाव, वार, तारीख सगळं नीट सांगत होता. दर दोन मिनिटांनी विचारायचा, माझा दुसरा बूट कुठाय? वीस मिनिटांनी विचारायचा थांबला. आम्हाला वाटलं झोप लागली. माझ्याबरोबरच्या सीनियर सिस्टरनं डोळ्यांवर टॉर्च मारला आणि ओरडलीच. एक बाहुली मोठी झाली होती. कवटीच्या आत रक्त साठत होतं. तो वाचला, कारण तिला शंका आली.

नियम लागल्यावर आमच्या शनिवार पहाटा बदलल्या. म्हणून माझं मत सरळ आहे: वेळ आवळली की डोकी फुटायची कमी होतात. नियम उठवायला नको होता. तुम्हाला काय वाटतं? आणि वहिनीला काय सांगू?

देवगिरी

वाचतोय. बुटाचा प्रसंग वाचून काटा आला.

आकडेमोड

धागाकर्तीच्या अनुभवाला आकड्यांचा आधार आहे. न्यू साउथ वेल्सच्या गुन्हे-आकडेवारी विभागाचा २०१५ चा पहिला अहवाल सांगतो की किंग्ज क्रॉसमध्ये हाणामारीचे गुन्हे ३२ टक्क्यांनी आणि सिटीत २६ टक्क्यांनी घटले. त्याही आधीचं उदाहरण न्यूकॅसलचं. सिडनीच्या उत्तरेचं हे बंदराचं शहर. तिथे २००८ मध्ये पब पहाटे पाचऐवजी साडेतीनला बंद करायला लावले आणि दीडनंतर प्रवेश थांबवला. मारहाणी ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. शेजारच्या हॅमिल्टन भागात नियम नव्हता, तिथे तशी घट दिसली नाही. माझ्या मते न्यूकॅसलचा पुरावा सिडनीपेक्षा भक्कम आहे.

पण दुसरी बाजूही आहे. सिडनीच्या नंतरच्या अहवालांत न्यूटाउन, बाँडाय, कूजी या हद्दीबाहेरच्या भागांत मारहाणी वाढल्याचं दिसलं. गर्दीचा एक भाग तिकडे सरकला. शिवाय किंग्ज क्रॉसला येणारी माणसंच कमी झाली. माणसं निम्मी झाली आणि भांडणंही निम्मी झाली, तर जागा सुरक्षित झाली म्हणायचं की ओस पडली? याचं सरळ उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

मीटर_डाउन

कुंदकळीताई, मी त्याच वर्षांत त्याच रस्त्यावर होतो, फक्त स्टिअरिंगच्या मागे. २००८ ते २०११, मास्टर्स करताना टॅक्सी चालवली. आमच्या बॅचची निम्मी मुलं तेच करायची.

एक गोष्ट सिडनीबाहेरच्यांना ठाऊक नसते. इथे टॅक्सीची पाळी बदलायची दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. दोनलाच डोळा घड्याळावर. गाडी धुऊन, गॅस भरून मालकाच्या दारात लावायची, उशीर झाला की पुढचा ड्रायव्हर शिव्या घालणार. त्यामुळे अडीचला मी छपरावरचा दिवा बंद करायचो आणि काच चार बोटं खाली करून विचारायचो, "कुठे जायचं?" माझ्या वाटेवर असेल तरच दार उघडायचं. किंग्ज क्रॉसच्या डार्लिंगहर्स्ट रोडवर तेव्हा दोन-तीनशे माणसं उभी असायची. ट्रेन बंद, ती साडेचारनंतर सुरू होणार. थंडी, पोटात दारू, पाकिटात शेवटची नोट, आणि रिकाम्या टॅक्स्या समोरून निघून चाललेल्या.

भांडणं तिथे व्हायची. आत नाही, रांगेत. "ही माझी टॅक्सी", "मी आधी हात केला". माझ्याच बॉनेटवर एक जण दुसऱ्याचं डोकं आपटताना मी पाहिलंय. मी काच वर केली आणि गाडी काढली. चोवीस वर्षांचा होतो, घाबरलो होतो. त्याचं वाईट अजून वाटतं.

म्हणून म्हणतो, दार किती वाजता बंद करायचं हा अर्धा प्रश्न झाला. दाराबाहेर पडलेल्या माणसाला अर्ध्या तासात घराकडे कोण नेणार, हा उरलेला अर्धा. सरकारनं पहिला सोडवला, कारण तो कागदावर सुटतो.

वाटाड्या_न्यूटाउन

मी पूर्ण विरोधात आहे आणि का ते सांगतो. लॉकआउट लागला तेव्हा मी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका बारच्या किचनमध्ये भांडी घासत होतो. आठवड्याला चार पाळ्या मिळायच्या, दोनच महिन्यांत दोनवर आल्या. फी तीच, भाडं तेच. माझ्याबरोबरचा नेपाळी मुलगा परत गेला. आमच्या बारमध्ये चार वर्षांत एकही मोठी मारामारी झाली नव्हती. गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ सॅक्सोफोन वाजवायचे, ते बंद झालं.

आणि मोठा कॅसिनो मात्र हद्दीबाहेर! नकाशावरची रेघ बरोब्बर त्याच्या अलीकडून गेली. दीडनंतर ज्याला प्यायचंय त्यानं तिकडे जावं. हा नियम जीव वाचवायला असता, तर तो सगळ्यांच्या जिवाला लागू झाला असता. गुन्हा करणारे मूठभर, शिक्षा सगळ्या रात्रीला.

कुंदकळी

@वाटाड्या_न्यूटाउन, कॅसिनोचं शंभर टक्के मान्य. आम्ही नर्सेसही हेच विचारायचो. तुमची पाळी गेली, त्याचंही वाईट वाटतं. पण "मूठभर" हा शब्द माझ्या गळी उतरत नाही. आमच्याकडे येणारे मारकुटे गुंड नसायचे. कॉलेजातली, बँकेतली, चांगल्या घरची मुलं असायची, मारणारी आणि मार खाणारी दोन्ही. सकाळी शुद्धीवर आल्यावर मारणारा ढसाढसा रडायचा.

@मीटर_डाउन, तुम्ही लिहिलेलं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. अँब्युलन्स साडेतीनच्या सुमारास ओळीनं का यायच्या, ते आज कळलं.

सोनचाफा_पुणे

अगं, मीच ती वहिनी! मेसेजचं उत्तर द्यायचं सोडून धागा काढलास, आता इथेच लिहिते.

आमची बिल्डिंग मुख्य रस्त्यापासून आत तिसरी. दीडला पब बंद होतात, हे कागदावर बरोबर आहे. आमची रात्र सुरू होते पावणेदोनला. म्युझिक थांबतं आणि माणसं रस्त्यावर येतात. बुलेटचे फटाके, गाडीची दारं उघडी टाकून लावलेली गाणी, कोपऱ्यावर भुर्जीची गाडी, तिच्याभोवती तीस-चाळीस जण. कुणीतरी कुणाच्या गाडीला टेकतं आणि सुरू. मागच्या महिन्यात आमच्या वॉचमनकाकांनी "गेटवर लघवी करू नका" म्हटलं, तर त्यांना दोघांनी ढकललं. मनगट मोडलं. साठी उलटलेला माणूस, सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होते. ११२ ला फोन केला, गाडी आली, तोवर सगळे पसार.

कल्याणीनगर आमच्यापासून जवळच. १९ मे २०२४ ची पहाट इथे कुणी विसरलेलं नाही. सतरा वर्षांचा मुलगा पबमधून निघून गाडी चालवतो, मोटरसायकलवरची दोन इंजिनिअर मुलं जातात, आणि जामिनाला तीनशे शब्दांचा निबंध. आपल्या राज्यात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षांची अट आहे. सतरा वर्षांच्या मुलाला दारात कुणी विचारलं नाही, तर वेळ साडेबारा करा नाहीतर दहा, काय उपयोग? हे मी सभेत म्हटलं. पण बाकीच्यांना झोप हवीय, आणि त्यांचंही चुकत नाही.

शेवटची_ऑर्डर

पंधरा वर्षं मुंबईत परमिट रूम आणि पब दोन्ही सांभाळले. आता सोडलं. आतली गोष्ट सांगतो.

दीडला बंद म्हणजे आम्ही पाऊण-एकला 'लास्ट ऑर्डर' ओरडतो. त्या दहा मिनिटांत जेवढी दारू जाते, तेवढी आधीच्या तासाभरात जात नाही. जो एक पेग सावकाश घेत बसलेला असतो तो तीन मागवतो. दीडला दिवे लावतो, म्युझिक बंद, आणि वीस मिनिटांत ते तीन पेग पोटात घेऊन तो रस्त्यावर. नशा चढते बाहेर गेल्यावर. म्हणजे सोनचाफाताईंच्या गेटवर जो येतो, तो आमच्या शेवटच्या दहा मिनिटांचा माणूस.

आमच्या एका जागी मी आणि मालकांनी ठरवून एक केलं. साडेबारानंतर शॉट नाही, डबल नाही, एका माणसाला एका वेळी एकच ग्लास. पाण्याच्या बाटल्या फुकट. किचन शेवटपर्यंत चालू, निदान मसाला पापड आणि फ्राइड राइस तरी मिळालाच पाहिजे. एकनंतर गाणी हळूहळू खाली आणायची, एकदम बंद करायची नाहीत. धंदा थोडा पडला, पण बाउन्सरला हात लावायची वेळ जवळजवळ येईनाशी झाली. सिडनीतही मध्यरात्रीनंतर शॉट बंद आणि काचेऐवजी प्लास्टिकचे ग्लास होते असं वाचलंय. माझ्या मते खरा फरक त्यानं पडला असेल. फुटलेला ग्लास तोंडावर बसला की काय होतं, ते सिस्टर जास्त सांगतील.

अजून एक. ३१ डिसेंबरला सरकार पहाटे पाचपर्यंत मुभा देतं. माझ्या अनुभवात ती रात्र उलट सोपी जायची. लोक दोनला, तीनला, चारला असे पांगत जायचे, आणि पोलीस रस्त्यावर उभे असायचे.

कुंदकळी

ग्लासबद्दल: गालापासून ओठापर्यंत, चाळीसेक टाके. प्लास्टिकचा नियम लागू झाल्यावर किंग्ज क्रॉसहून येणाऱ्या तसल्या जखमा आमच्याकडे दिसेनाशा झाल्या. तुमचा मुद्दा खरा आहे.

जुना_गिरगावकर

थोडं अवांतर. माझे काका १९५० च्या दशकात बोटीवर होते, सिडनी बंदराला जायचे. तिथे तेव्हा पब संध्याकाळी सहाला बंद होत! १९१६ मध्ये महायुद्धाच्या काळात हा नियम आला आणि १९५५ पर्यंत टिकला. कामगार पाचला सुटणार, सहाला पब बंद. एका तासात जेवढं ढोसता येईल तेवढं ढोसायचं. काका सांगायचे, बारच्या भिंतींना खालपासून टाइल्स असत, कारण रोज सातला पाण्याच्या पाइपनं धुवाव्या लागत. सहा वाजून पाच मिनिटांनी रस्ता म्हणजे रणांगण. शेवटी लोकांनीच मत देऊन वेळ दहा करून घेतली.

'शेवटची_ऑर्डर' यांनी सांगितलेली दहा मिनिटं ती हीच, तेव्हा साठ होती एवढंच.

मोगरा_कळी

आमच्या आजीचा नियम यापेक्षा सोपा होता: दिवेलागणीला सगळे घरात. पबही आणि नातूही. :)

बाभुळबन

शहरातल्या लोकांनी रागवू नये, पण पबचा दीड की साडेबारा हा प्रश्न मला लांबचा वाटतो. मी नगर जिल्ह्यातली. आमच्या गावात देशी दारूचं दुकान सकाळी उघडायचं, आणि मारामारी रस्त्यावर नाही, घरात व्हायची. तिची नोंद कुठल्या इमर्जन्सीत होत नाही.

आम्ही आडवी बाटली केली. पंचवीस टक्के बायकांच्या सह्या घेऊन अर्ज दिला, सह्यांची पडताळणी झाली, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. गोम अशी की मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या मतांनी भागत नाही, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. जी घरी बसली तिचं मत दुकानाला गेलं असंच धरायचं. ऊसतोडीला गेलेल्यांना आम्ही टेम्पो पाठवून आणलं. माझी सासू, पंच्याहत्तरीची, काठी टेकत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आडवी पाडली बघ." तेवढं एक वाक्य मला जन्मभर पुरेल.

दुकान बंद झालं. आता नवरे शेजारच्या गावी जातात, हे खरं आहे. पण सहा किलोमीटर जावं लागतं, आणि रोज जाववत नाही. ज्यांना हे थोडं वाटतं, त्यांनी आमच्या आळीत एक रात्र राहून बघावं.

आकडेमोड

@बाभुळबन, "सहा किलोमीटर जावं लागतं, आणि रोज जाववत नाही" हे वाक्य मी लिहून ठेवलंय. गर्दी सरकते, पण सगळी सरकत नाही. सिडनीच्या वादात दोन्ही बाजू हेच विसरल्या.

रातपाळी_हिंजवडी

सगळे "बंद करा, लवकर करा" म्हणताहेत, म्हणून एक वेगळी बाजू. मी रात्री अडीचला कॅबनं घरी येते, आठवड्यातून पाच दिवस. दारूचा थेंब घेत नाही. मला भीती कुठे वाटते माहितीये? जिथे एकही दुकान उघडं नाही, एकही चहाची टपरी नाही, त्या दोन किलोमीटरच्या पट्ट्यात. भुर्जीची गाडी दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. तिथे एक मावशी असतात, त्या मला ओळखतात.

साडेबाराला सगळं झाकलं की चिडीचूप रस्ता फक्त वाईट माणसाच्या सोयीचा होतो. पबवाल्यांना आवरा, पण रात्र बंद करू नका. आम्हालाही त्याच रात्रीतून घरी जायचं असतं.

सोनचाफा_पुणे

@रातपाळी_हिंजवडी, हे वाचून थोडी गप्प झाले. आमच्या निवेदनात भुर्जीची गाडी हटवा असं तिसरं कलम होतं. ते मी काढायला सांगणार आहे.

पणजी_फेरी

गोव्यातून दोन ओळी. आमच्याकडे उघड्यावरच्या म्युझिकला रात्री दहाची मर्यादा आहे, आणि किनारपट्टीवर राहणाऱ्या माणसाला ती कधी पाळली जाते ते विचारा. नियम घड्याळात असून चालत नाही, तो पाळून घ्यायला रात्री जागणारा अधिकारी लागतो. अर्पोऱ्याच्या क्लबात डिसेंबर २०२५ मध्ये आग लागून २५ माणसं गेली. परवाने, दारं, वायरिंग वेळेवर कोणी बघितलं असतं तर? वहिनींच्या सोसायटीनं वेळेपेक्षा तपासणी मागावी.

मीटर_डाउन

पुण्यात रातराणी बस आहे ना अजून? मोजक्याच मार्गांवर, पण आहे. मेट्रो अकराला थांबते. मग दीडला बाहेर पडलेला माणूस स्वतःची गाडी काढणार नाहीतर काय करणार? पबच्या दाराशी दीड ते अडीच रिक्षाचा ठरलेला थांबा मागा. मीटरप्रमाणे, वर रात्रीचं ठरलेलं जादा भाडं, पण "कुठे जायचं" हा प्रश्न नाही. तो प्रश्न मी शेकडो वेळा विचारलाय, म्हणून कळकळीनं सांगतो.

सोनचाफा_पुणे

रविवारी सभा झाली. नेहमी पंधरा जण येतात, यावेळी एकेचाळीस. मी धाग्यातलं बरंच वाचून दाखवलं. बुटाचा प्रसंग वाचताना सगळे गप्प होते.

साडेबाराची मागणी मतदानात पडली, पण थोडक्यात, बावीस विरुद्ध एकोणीस. निवेदनात आता चार गोष्टी आहेत: साडेबारानंतर शॉट आणि डबल बंद, दारात वयाचा पुरावा रोज, शुक्रवार-शनिवार दीड ते अडीच पोलिसांची गाडी कोपऱ्यावर उभी, आणि रिक्षा थांबा. जवळच्या एका पबचे मॅनेजर स्वतः आले होते. पहिली गोष्ट आपण येत्या शुक्रवारपासून करतो म्हणाले. वॉचमनकाका मागे उभे होते, मनगटाला अजून क्रेप बँडेज. त्यांना बोला म्हटलं तर म्हणाले, "गेटवर एक दिवा लावा, तोंडं दिसली पाहिजेत." तो दिवा कालच लागला.

कुंदकळी

वहिनी, साडेबारा पडलं याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. न्यूकॅसलचा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. मी अजूनही त्या एकोणीस जणांतली आहे. पण रिक्षाचा थांबा माझ्या यादीत कधीच नव्हता, आणि आता तो सगळ्यात वर आहे.

लेकाशी काल बसून बोलले. त्याला मीटर_डाउन यांचा प्रतिसाद वाचायला दिला. मराठी हळू वाचतो, पण वाचला सगळा. टाउन हॉलहून सुटणाऱ्या रात्रीच्या 'नाइटराइड' बसचं वेळापत्रक त्यानं फोनवर काढून ठेवलंय, आणि बस चुकली तर मी गाडी घेऊन येईन, कितीही वाजले तरी, असं ठरलंय.

येत्या शुक्रवारी मॅनेजरनी शब्द पाळला का ते इथेच कळव.